पाया पडणारी गाडी

चहा आधी पिऊन घ्या. ही गोष्ट ऐकताना तो नाकातून बाहेर येतो, असा आमच्या गल्लीचा अनुभव आहे.

जुनी गाडी घेताना माणूस फसतो, यात नवल ते काय? पण फसलेला माणूस स्वतःच्या फसवणुकीची गावोगाव जाहिरात करत हिंडला, असं कधी ऐकलंय? नाही ना? मग सरसावून बसा.

हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची चार-पाच वर्षं असतील. गोरेगाव ते सेनगाव माझी काळी-पिवळी जीप चालायची. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी वेगळीच. ती कधी बंद पडायची नाही, आणि पडलीच तर तारेचा तुकडा आणि दोन शिव्या एवढ्यावर चालू व्हायची. घर त्या जीपवर चाललं होतं. पण मला सुख बोचायला लागलं.

झालं असं, की हिंगोलीत एका लग्नात मी नवरदेवाला परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीतून उतरताना पाहिलं. काळीभोर, उंच, आत कातडी गाद्या. लोक नवरदेव सोडून गाडीकडंच बघत होते. माझ्या डोक्यात चक्र फिरलं. असली एक गाडी सेकंडहँड घ्यायची आणि फक्त नवरदेवाला भाड्यानं द्यायची! सगळ्या सेनगाव तालुक्यात दुसरी कोणाकडं आहे?

बायकोला, म्हणजे सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"जीप इकू नका. ती आपलं पोट हाय."

"अगं, एका लग्नाचं भाडं म्हणजे जीपची आठवड्याची कमाई!"

"आन् पावसाळ्यात? तवा नवरदेव कुठून आनसाल?"

मी म्हटलं, बायकांना धंद्यातलं काय कळतंय. हे माझं वाक्य तुम्ही लक्षात ठेवू नका, मी पण विसरायचा प्रयत्न करतोय.

शेवटी ती म्हणाली, "घ्या. पन ह्या लग्नसराईत त्या गाडीनं घर चालवून दाखवा. न्हाई चाललं तर गाडी इकायची, परत जीप आनायची, आन् मंग हूं की चूं करायचं न्हाई."

मी छाती काढून 'बराबर' म्हटलं, जीप विकली आणि पुण्याला गेलो.

तिथं एका बंगल्यात गाडी उभी होती. उभी कसली, बसली होती! पोट पार जमिनीला टेकलेलं. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, खालून घूंऽऽ असा आवाज आला आणि गाडी हळूहळू वर उठली. गोठ्यातली म्हैस उठते ना, आधी मागून, मग पुढून, अगदी तशी.

मी थक्क! मालकाला विचारलं, "साहेब, ही बसली होती?"

साहेब म्हणाले, "अं... त्याचं काय आहे..."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "म्हाताऱ्या मानसांला चढायला सोपं जावं म्हनून बसती, व्हय ना?"

साहेबांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर एकदम काच पुसायला लागला.

"तुम्हाला गाड्यांची बरीच माहिती दिसते," साहेब म्हणाले.

झालं! मी असा फुगलो, की भाव करायचाच विसरलो. आता तुम्हीच सांगा, त्या माणसानं मला फसवलं का? एक शब्द खोटा बोलला नाही बिचारा. जे काय खोटं बोलायचं ते मीच बोललो, आणि त्याच्याआधी बोललो.

गोरेगावात गाडी आली तेव्हा अर्धं गाव जमलं. मारुतीच्या देवळासमोर उभी करून इंजिन बंद केलं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सुनंदानं कुंकू लावलं आणि ओवाळायला ताट उचललं. माझे चुलते सोपानकाका शेजारीच उभे होते. हे काका म्हणजे साधा रामराम घेतानासुद्धा मान हलवायला कुरकुर करणारे गृहस्थ. ओवाळणं चाललं होतं, फोटो निघत होते, पोरं लिमलेटच्या गोळ्या मागत होती. आणि तेवढ्यात गाडी खाली जायला लागली. हळूच, अदबीनं, काकांच्या पुढ्यात.

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"अरे बबन... गाडी पाया पडून राहिली रे!"

आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवून 'सुखी राहा' म्हणून आशीर्वाद दिला!

मी तिथंच म्हणायचं होतं, की काका, ती चढायची सोय आहे. पण पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडून निघालं, "तर हो! मोठं मानूस समोर आलं की वाकतीच ती. आपले संस्कार बघूनच बनवली हाय."

कोणाचे संस्कार, कोणत्या देशात बघितले, कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दारात रीघ लागली. पुसेगावहून माणसं, सेनगावहून माणसं. कोणी आजीला घेऊन येतंय, कोणी सासऱ्याला. मी गाडी चालू करून उठवायचो, बंद करायचो, आणि मग आम्ही सगळे गप्पा मारत थांबायचो. पंधरा-वीस मिनिटांत गाडी बसायची. म्हातारी माणसं खूश होऊन घरी जायची. एका आजीनं तर गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आरशाला काळा दोरा बांधला.

शंका आली ती एकट्या सुनंदाला. एका सकाळी ती अंगण झाडताना थबकली.

"अवो, ही तर बसेल हाय. अंगनात कोनीच न्हाई. ही कोनाच्या पाया पडून राहिली?"

मी तोंडातला ब्रश काढला. "सूर्यनारायनाच्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागली. लग्नाला वीस वर्षं झाली की बायको वाद घालायचं बंद करते, तो मला तेव्हा माझा विजय वाटला.

बुकिंग मात्र धडाधड यायला लागलं. पहिलं आलं पुसेगावच्या दगडूजी आजोबांचं. त्यांच्या थोरल्या नातवाचं लग्न होतं, नवरी सेनगावची. मोठं खटलं, पंचक्रोशीत वजन. म्हणाले, "भाडं मनासारखं देतो. पन एक सांगतो बबनराव, आमच्या मारुतीपुढं गाडी वाकली पायजे. आन् सेनगावात व्याह्याच्या दारात एकदा. व्याह्यानं बघितलं पायजे."

"दोनदा काय, दहादा वाकवतो!" मी म्हणालो. काय जीभ असते बघा माणसाची!

लग्नाच्या दिवशी मी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली. नवरदेव बाशिंग बांधून आत, शेजारी करवली, पुढं बँड. मारुतीसमोर ओट्याला लागून गाडी उभी केली आणि इंजिन बंद. बँडवाल्यांनी दोन गाणी वाजवली, तिसऱ्याला गाडी वाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडूजींनी फेट्याचा शेमला मागं टाकला.

मग त्यांची वाशीमची बहीण आली. तिला दिसलं नव्हतं. उठवा, पुन्हा बसवा! मग जावईबापू आले. त्यांचा मान मोठा, त्यांना वेगळं दाखवायला पाहिजे. पुन्हा उठवा, पुन्हा बसवा! मग व्हिडिओवाला म्हणाला, कॅमेऱ्यात बँडवाल्याची पिपाणीच आली, गाडी आलीच नाही. पुन्हा!

शेवटच्या वेळी मी किल्ली फिरवली. खालून घूं आवाज आला, मग किर्र, मग काहीच नाही. रबर जळल्याचा वास सुटला. गाडी बसली ती बसलीच.

"उठवा आता," दगडूजी म्हणाले. "टाइम होऊन राहिला."

मी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन चालू, दिवे चालू, थंड हवा चालू. गाडी जमिनीवर!

मग गर्दीतली अक्कल बाहेर पडायला लागली. आमच्याकडं अडून बसलेलं जनावर उठवायचा अनुभव प्रत्येकाला असतो ना! एक म्हणाला, मागून दाबा. दुसरा म्हणाला, शेपटी पिळा. तिसऱ्यानं खरंच मागं जाऊन शेपटी शोधली. चार जण वासे घेऊन आले आणि 'हेऽऽय' करून जोर लावला. एक वासा मोडला, माळा तुटल्या.

त्यात नवी भानगड. गाडी इतकी खाली बसली होती, की एका बाजूचं दार ओट्याला अडकलं, दुसरीकडचं वर आलेल्या फरशीला अडकलं. नवरदेव आत कोंडलेला! बरं, काचा बटणावर उघडत होत्या. दोघांनी त्याला काखेत धरून खिडकीतून ओढला. नवरदेव बाहेर आला, बाशिंग आत राहिलं. करवली रडायला लागली, तिला कोणी ओढेना; शेवटी बायकांनीच तिला बाहेर काढलं.

दगडूजी माझ्या खिडकीजवळ आले. मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ते शांतपणे म्हणाले, "बबनराव, लईच संस्कारी गाडी हो तुमची. पाया पडली ते पडली, उठायचं नावच न्हाई."

नवरदेव ट्रॅक्टरवर बसून सेनगावला गेला. मी मात्र दिवसभर त्या मारुतीसमोर बसून राहिलो. येणारा-जाणारा विचारत होता, "काहून हो, अजून उठली न्हाई?" त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. जीप विकली होती आणि घर ज्याच्यावर चालायचं ते चाक फरशीवर बसलं होतं.

ट्रकवर घालून गाडी औरंगाबादला नेली. तिथं इक्बालभाईंचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, एसी ऑफिस, काचेचं टेबल, इक्बालभाईंच्या डोळ्यांवर आतसुद्धा काळा चष्मा.

"कबसे बैठ रही है?" त्यांनी विचारलं.

"पैले दिनसे."

"और तुम क्या समझे?"

"नमस्कार."

त्यांनी चष्मा काढला. मग दार उघडून सगळ्या मिस्त्र्यांना आत बोलावलं. "भाईसाब, जरा फिरसे बोलो." मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला.

मग समजावून सांगितलं. या गाडीला खाली पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. चारी चाकांवर रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या आहेत. त्या जुन्या होऊन चिरल्या होत्या. गाडी बंद केली की हवा जायची आणि गाडी बसायची. चालू केली की पंप हवा भरायचा आणि गाडी उठायची. आणि मी लोकांना दाखवून दाखवून तो पंपच जाळला होता!

"नवी पिशवी कितीला?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. मी मनात हिशेब केला, आमच्या शेताच्या तुकड्यातलं तुरीचं येणारं पीक घातलं तर कसंबसं जमेल.

"चारो का ना?"

"एक का."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढचा चहा प्यायलाच नाही.

शेवटी त्यांनीच स्वस्तातला मार्ग काढला. पिशव्या काढून फेकायच्या आणि साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या. तरी त्यातही सुनंदानं साठवलेले मागच्या तुरीचे पैसे गेले. तिनं ते काढून दिले, एक शब्द न बोलता. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

पण गाडी परत आली ती ताठ! रात्रभर उभी, सकाळी उभी, सूर्यनारायण आला तरी उभी. मी सुनंदाला अंगणात बोलावून दाखवलं. "बघ, आता एकदम पक्की! लग्नसराई अजून बाकी हाय."

दुसऱ्या दिवशी सेनगावची पार्टी आली. गाडीभोवती फिरले, गाद्या दाबून बघितल्या.

"वाकवा बरं एकदा."

"आता न्हाई वाकत. दुरुस्त केली."

"दुरुस्त करून वाकत न्हाई?" ते एकमेकांकडं बघायला लागले. "मंग बिघडली म्हना की!"

गेले. दुसरे आले, तेही गेले. राहिलेली सगळी बुकिंगं एकेक करून मोडली. मी जीव तोडून सांगायचो, की अहो, तेव्हा बिघडली होती, आता बरी आहे. कोणाला पटेना. आणि पटवणार तरी कसं? वाकणं हा त्या गाडीचा गुण आहे, हे मीच महिनाभर घसा कोरडा करून सांगितलं होतं.

शेवटी खुद्द दगडूजी आले. मला भरून आलं. धाकट्या नातवाचं ठरलं होतं. म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस! त्यांनी गाडीकडं बराच वेळ पाहिलं.

"आता बसत न्हाई म्हन्तेत?"

"अजिबात न्हाई, आजोबा! खात्री देतो."

"मंग काय कामाची?" ते काठी टेकत निघाले. "त्या दिवशी निदान बसली तरी व्हती. नुसता उभा राहायला आमचा ट्रॅक्टर काय वाईट हाय?"

लग्नसराई हातातून चालली होती, म्हणजे अटीप्रमाणं गाडी विकून जीप आणायची वेळ आली होती. सुनंदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच इक्बालभाईंना लावला.

"इक्बालभाई, ओ गाडी पैले जैसी बिगाडके देनेका क्या लगेगा?"

मग इक्बालभाई गंभीरपणे म्हणाले, "पैले जैसी बिगाडना है, तो पैले चारों थैली नई डालनी पडेगी. पंप नया. उसके बाद बिगडनेको टाइम लगेगा, ओ अलग."

मी फोन ठेवला.

"काय म्हन्ले?" सुनंदानं विचारलं.

"म्हन्ले, गाडी बिघडवायची आपली ऐपत न्हाई."