पश्चिमेच्या भिंतीवरची अर्गिरो

अर्गिरोचा राग अख्ख्या गावाला पाठ होता. सकाळी तिचं दार आपटलं की खालच्या आळीत लोक म्हणायचे, "उठली बाई." शेळी उधळली तर शेळीवर, पाव करपला तर भट्टीवर, आणि पाऊस लांबला तर मान वर करून थेट आभाळावर ती तोंड सोडायची. पण हा सगळा वरवरचा राग. आतला, खरा राग तिने प्रभूच्या दुसऱ्या येण्यासाठी राखून ठेवला होता.

कारण तो येणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. ढगांवरून येईल, तुतारी वाजेल, थडगी उघडतील. तिचा नवरा स्त्रातिस आल्बेनियाच्या लढाईत बर्फात पडला होता आणि त्याचं प्रेतही कुणी क्रीटला आणलं नव्हतं. तोसुद्धा उठेल, ओल्या बुटांनी डोंगर उतरून घरी येईल. आणि मग एकेकाला पुढे बोलावून विचारलं जाईल. त्या दिवशी आपणही काही गोष्टी बोलून घेऊ, असं तिने ठरवलं होतं. लढाई संपून पंधराएक वर्षं होऊन गेली होती, पण बोलायचं काय ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

स्त्रातिस गेला तेव्हा तिची मारिना पोटात होती. पुढे लोकांच्या बागांत ऑलिव्ह वेचून आणि लग्नाकार्याला सातूचे टोस्ट भाजून देऊन तिने पोरीला वाढवलं. भट्टीच्या तोंडाशी एकदा झोक गेला तेव्हा डाव्या गालावर भाजल्याचा डाग राहिला, कानापासून हनुवटीपर्यंत.

गावच्या चर्चचं छप्पर दुरुस्त झालं त्या वर्षी म्हाताऱ्या मानुसोसने पश्चिमेची भिंत रंगवून द्यायचं कबूल केलं. मानुसोस चर्चचा विश्वस्त, दोन टेकड्या भरून ऑलिव्हचा मालक, आणि अर्गिरोचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. युद्धाच्या दिवसांत दूध न मिळून गेलेल्या आपल्या नातवाच्या स्मरणार्थ त्याने हे काम काढलं होतं. हान्या शहराहून थेमेलिस नावाचा चित्रकार आला. दारावरच्या त्या भिंतीवर प्रभूचं पुनरागमन रंगवायचं, जुन्या चर्चमध्ये असतं तसं, असं ठरलं. काम चालू असेतो भिंतीवर कापड सोडलेलं होतं.

ते उतरलं उपवासाआधीच्या मांसाच्या शेवटच्या रविवारी. त्याच रविवारी शेवटच्या न्यायाचा पाठ वाचतात: भुकेल्याला कुणी वाढलं, कुणी हाकललं, कोण उजवीकडे जाणार, कोण डावीकडे. पाठ झाला, प्रार्थना झाली आणि पापा-लेफ्तेरिस, म्हणजे गावचे धर्मगुरू, यांनी दोरी ओढली. सगळे वळले.

मधोमध सिंहासनावर प्रभू. त्याच्या पायांतून निघालेली आगीची नदी खाली वाहत आलेली. एका अंगाला संत, दुसऱ्या अंगाला चौकटी चौकटी पाडून पापी. खोटं माप देणारा गिरणीवाला गळ्यात जातं अडकवून उभा, शेजाऱ्याच्या बांधात नांगर घालणारा फाळावर टांगलेला. "अरे, हा गिरणीवाला तर थेट आपल्या बाब्यासारखा!" असं कुणीतरी म्हणालं आणि पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली.

मग हसू विझलं. अगदी खालच्या चौकटीत, दाराला लागून, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक बाई होती. तिच्या दोन्ही स्तनांना साप डसले होते. खाली लिहिलं होतं, 'लेकराला दूध नाकारणारी'. आणि तिच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, तांबडा डाग होता.

मारिनाने आईचा हात धरला. अर्गिरोने तो सोडवून घेतला आणि बायकांची बाजू सोडून ती भर चर्चमधून चालत चित्रापाशी गेली. आधी तिने नीट पाहिलं. नाक तिचं होतं. रुमालाची गाठसुद्धा तिच्यासारखी, एका बाजूला.

"मानुसोस!" ती म्हणाली. एरवी ती त्याला काका म्हणायची, अहोजाहो करायची. "इकडे ये. ये, ये, लाजतोस कशाला? तूच पैसे मोजलेस ना?"

मानुसोस जागचा हलला नाही. "चर्च आहे हे, अर्गिरो. आवाज खाली."

"माझं थोबाड वर लावलंस आणि आवाज खाली?"

पापा-लेफ्तेरिस मध्ये पडले. "अगं, अशा चौकटी सगळ्या जुन्या चर्चमध्ये असतात. पापाचं चित्र आहे ते, माणसाचं नाही."

"मग पापाच्या गालावर माझ्या भट्टीचा डाग कुठून आला, फादर?"

पापा-लेफ्तेरिसांनी वर छपराकडे पाहिलं. नवीन कौलं डोक्यावर होती आणि ती मानुसोसने दिली होती.

"तो येणार आहे," अर्गिरो प्रभूकडे बोट दाखवून म्हणाली, "माझा न्याय करायला तो येणार आहे. मी त्याची वाट बघत बसलेय. मी आहे तयार! आणि हा शहाणा त्याच्या आधीच निकाल लावून बसला. तू कोण लागून गेलास रे? तुला कुणी बसवलं तिथं?"

"माझं पोर मेलं," मानुसोस म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि काठी टेकत बाहेर पडला.

तिथून अर्गिरो तडक शाळेमागच्या खोलीवर गेली. चित्रकार थेमेलिस गोगलगायींचा रस्सा पावाबरोबर खात होता. तिला पाहिल्यावर त्याचा घास हातातच राहिला.

"जेवा, जेवा," ती म्हणाली. "तुम्ही मेहनत केलीय. मला कधी बघितलंत?"

"ताई, बसा ना..."

"कधी?"

"घाण्यावर," तो हळूच म्हणाला. "तुम्ही पोती उचलत होता. त्यांनी लांबून दाखवलं. म्हणाले, हिने माझा नातू उपाशी मारला, चेहरा हाच घ्यायचा."

"आणि तुम्ही घेतलात. एकदा विचारावंसं नाही वाटलं? हिचीही काही बाजू असेल, असं?"

"मी काय, सांगितलं ते रंगवतो."

"मग तिथं तुमच्यासाठीही एक चौकट ठेवायची होती, गिरणीवाल्याच्या शेजारी."

थेमेलिसने मान खाली घातली. फादरांनी सांगितलं तर चेहरा बदलतो, म्हणाला. फादर सांगणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं. त्याच आठवड्यात तो सामान बांधून हान्याला परत गेला.

घरी मारिना चुलीपाशी बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "आई, खरं काय ते सांग. गावातल्या बायका कुजबुजतात ते मी लहानपणापासून ऐकतेय. तू नाही म्हणालीस?"

"म्हणाले."

"का?"

अर्गिरोने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "जर्मनांनी सगळं नेलं होतं. माणसं रानातला पाला उकडून खात होती. मानुसोसची सून बाळंतपणात गेली, त्याच्या शेळ्या सैन्याने हाकून नेल्या. तू तेव्हा एवढीशी, मांजराच्या पिल्लाएवढी. म्हातारा दारात आला. बाळ घेऊन आला असता तर काय झालं असतं मला माहीत नाही, मारिना. पण तो हात हलवत आला. म्हणाला, आमच्याकडे राहायला ये, दूध सगळं पोराला लागेल, तुझी मुलगी तुझ्या आईकडे टाक. माझी आई दात नसलेली म्हातारी, ती तुला काय पाजणार होती? मी म्हणाले, दोघांना पाजते. तर म्हणतो, दोघांना पुरायचं नाही, माझं पोर मुलगा आहे. मुलींचं काय, म्हणाला, तुला पुन्हा होतील."

तिने जळतं लाकूड चुलीत असं ढकललं की ठिणग्या उडाल्या.

"पुन्हा होतील! स्त्रातिस बर्फात पडलेला. पुन्हा कुठून होणार होत्या? मी दार लावून घेतलं."

मारिनाने जमिनीवर पडलेली एक ठिणगी पायाने विझवली. मग म्हणाली, "म्हणजे मी आहे ते..."

"म्हणून आहेस. आणि त्याबद्दल तोंड पाडून बसलीस तर फोडून काढीन."

पुढचा रविवार क्षमेचा. उपवास लागायच्या आधी संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळा गाव जमतो आणि प्रत्येकजण प्रत्येकापुढे वाकून माफी मागतो. अर्गिरो बायकांच्या बाजूला गेलीच नाही. ती मागे, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, चौकटीच्या बरोबर शेजारी उभी राहिली. एक चेहरा भिंतीवरचा, एक हाडामांसाचा, दोन्हींवर तोच डाग. आत येणाऱ्याला दोघींच्या पुढूनच यावं लागत होतं. बायका नजर चुकवत होत्या. बाब्या गिरणीवाला मात्र थांबला आणि पुटपुटला, "अर्गिरो, माझं पण नाक तसंच काढलंय गं," आणि तिला इतक्या संतापातही हसू दाबावं लागलं.

रांग सरकत सरकत मानुसोस तिच्यापुढे आला. गुडघ्यांनी वाकवेना, तरी रिवाजाप्रमाणे तो काठीवर झुकला.

"क्षमा कर," तो म्हणाला. सगळ्यांना म्हणत होता तसंच, पाठ केल्यासारखं.

"कशाची?"

रांग थांबली. रिवाजाचं उत्तर ठरलेलं असतं, 'देव क्षमा करो', आणि माणूस पुढे जातो. अर्गिरोने ते दिलं नाही.

"कशाची क्षमा, तेवढं सांग. या भिंतीची? की 'मुलींचं काय' म्हणालास त्याची? ही बघ, समोर उभीय ती मुलगी. तिला सांग तोंडावर, तू मरायला हवी होतीस म्हणून."

मानुसोसने मारिनाकडे पाहिलं. "तुला काय माहीत," तो अर्गिरोला म्हणाला, "रडायचा तो. रात्रंदिवस रडायचा. साखरेचं पाणी नव्हतं, काही नव्हतं. मी हातात घेऊन फिरायचो. शेवटी शेवटी आवाजसुद्धा मांजरासारखा..."

"मला माहीत आहे," अर्गिरो म्हणाली.

"तुला कुठून माहीत?"

"भिंत एकच आहे आपली, मूर्खा! मला सगळं ऐकू यायचं. तू फिरायचास तेसुद्धा. त्याच्या रडण्यानं मला पान्हा फुटायचा आणि मी दात आवळून हिला छातीशी धरायचे. ज्या दिवशी आवाज बंद झाला त्या दिवशी मला कळलं. तुझ्या बायकोच्या आधी कळलं. तुझे साप काय डसणार मला?"

मानुसोस काठीवर तसाच झुकून होता. आता त्याने माफी मागितली असती तर तिने काय केलं असतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण त्याने मागितली नाही. तो सरळ झाला आणि पुढच्या माणसापुढे गेला.

सगळा उपवासकाळ ती चौकटीशेजारी उभी राहिली. पापा-लेफ्तेरिस विनवायचे, "बाई, बस्स कर आता. लोकांना प्रार्थना सुचत नाही." ती म्हणायची, "मलाही सुचत नाही, फादर. पुसा म्हणजे जाईन." मारिना एकदा ओलं फडकं आणि साबण घेऊन निघाली, तर तिने तिला दारातून मागे ओढलं. "ज्याने लावलं तो पुसेल. नाहीतर राहू दे, येणाऱ्याला दिसेल."

पुनरुत्थानाचा सण झाला, उन्हाळा गेला. ऑलिव्ह काळे पडायला लागले तेव्हा एका दुपारी मानुसोस एकटाच चुन्याची बादली घेऊन चर्चमध्ये गेला. मेणबत्त्या आवरायला गेलेल्या धर्मगुरूंच्या बायकोने पाहिलं आणि अर्गिरोला बोलावून आणलं. ती पोहोचली तेव्हा बाईचा चेहरा गेला होता. गळ्यावर, सापांवर, खालच्या अक्षरांवर चुन्याचे ओघळ आले होते. म्हाताऱ्याच्या बाह्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"तू नाही म्हणालीस ते म्हणालीसच," तो मागे न वळता म्हणाला. "मी ते सोडलेलं नाही. पण निकाल माझा नाही."

"अरे, चुना तरी धड लाव," अर्गिरो म्हणाली. "आण इकडे."

तिने ब्रश घेतला आणि अक्षरं झाकली. साप तिने तसेच ठेवले. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मानुसोस बाकावर बसून बघत राहिला. दोघांत आणखी एक शब्द झाला नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. दोन वर्षांनी तो वारला तेव्हा त्याच्या नावाचा उकडलेला गहू, मेलेल्याला देवाने क्षमा करावी म्हणून घरोघर वाटतात तो, तिच्याकडेही आला. तिने मूठभर घेतला आणि चावून खाल्ला.

मारिनाचं लग्न रेथिम्नोला झालं. अर्गिरो पुन्हा बायकांच्या बाजूला उभी राहू लागली. न्यायाच्या रविवारी पाठ वाचला जायचा, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद व्हायचा आणि शेजारणी जरा सरकून उभ्या राहायच्या. बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर थांबून समुद्राच्या बाजूला, ढगांकडे बघायची.

"काय बघतेस गं?" एकदा शेजारणीने विचारलं.

"कधी येणार आहे तो?" अर्गिरो फणकारली. "माणसं मरून चालली सगळी. मग विचारणार कुणाला?"