तापलेल्या भट्टीचा नारळ

मी कारखाना निरीक्षक होतो. म्हणजे सरकारने मला जीप, ओळखपत्र आणि लोकांच्या चुका काढायचा अधिकार दिला होता, आणि यातलं तिसरं मला जरा जास्तच मानवलं होतं. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या आसपासच्या लोखंड ओतायच्या फौंड्र्या, साखर कारखाने, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेड, सगळीकडे माझी वहिवाट. जीप औद्योगिक वसाहतीत वळली की पहिल्या गेटवरचा वॉचमन फोन उचलायचा. मी पोचेपर्यंत सगळे हेल्मेट घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून उभे. काही गॉगलांचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नसायचं. मी बाहेर पडलो की सगळा माल परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी मी शेऱ्याच्या वहीत 'सुरक्षा साधने वापरात आढळली' असं लिहायचो. आढळली तर होतीच.

या सगळ्या नाटकात एक माणूस मला खरा दिसला होता. महामार्गाकडेच्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करायचा. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, सगळे त्याला मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्याच्या गळ्यात निळ्या काचेचा गॉगल कायम असायचा, काचेवर ओरखडे, पट्ट्याला सुतळीची गाठ. तो गॉगल डोळ्यांवर ओढल्याशिवाय मामा भट्टीपुढे जायचा नाही, साहेब येवो न येवो. एकदा मी न सांगता, मागच्या दाराने आत गेलो, तेव्हाही तो घातलेलाच होता. मी कौतुक केलं तर म्हणाला, "तुमच्यासाठनं न्हाय घालत साहेब. डोळं माझं हायत." मला हे उत्तर फार आवडलं, मी ते ऑफिसात चार जणांना सांगितलं.

त्या फौंड्रीत विजेवर चालणारी नवी भट्टी बसली. मालक गडहिंग्लजकडचे, तोंडाने गोड, कामाला वाघ. ते स्वतः घरी आमंत्रण घेऊन आले. "साहेब, पहिल्या रसाचा नारळ तुमच्याच हातचा पायजे." निरीक्षकाने असल्या कार्यक्रमाला जाऊ नये, हे मला कळत होतं. पण मानाचा नारळ कोणाला नको असतो? मी हो म्हणालो.

मुहूर्त अकराचा होता. त्या दिवशी सकाळी मी इचलकरंजीला एका मागाच्या शेडमध्ये होतो. तिथे पट्ट्यावर जाळी नव्हती, आणि मालक म्हणत होता, जाळी कशाला, आजवर कोणाला काही झालंय का? या वाक्याने माझं डोकं नेहमीच फिरायचं. मी त्याला दीड तास फैलावर घेतलं. मुहूर्ताची आठवण झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

फौंड्रीत पोचलो तर दीड वाजलेला. पाहुणे भुकेने कंटाळलेले, भटजी निघून गेलेले, भट्टीच्या ओट्यावर झेंडूच्या माळा सुकायला लागलेल्या. पण नारळ कोणी फोडला नव्हता. साहेब यायचे होते ना! अकराला नारळ, मग भट्टी चालू, असं ठरलं होतं. पण पाहुण्यांना पहिला रस बघायचा होता, म्हणून मालकांनी भट्टी चालू करायला सांगितली, आणि नारळ मात्र माझ्यासाठी राखून ठेवला. मी ओट्यावर चढलो तेव्हा आत लोखंडाचा रस तयार होता. त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघवत नव्हतं.

मामा आडवा आला. सगळ्यांदेखत, मोठ्यांदा म्हणाला, "नारळ थंड भट्टीला असतोय, साहेब. तापल्याल्या भट्टीला न्हाय. खाली चला, पायरीवर फोडा."

मालक म्हणाले, "मामा, साहेब थांबल्यात."

आणि मी हसलो. मला वाटलं म्हातारा रीतभात, शकुन-अपशकुनाचं काहीतरी काढतोय. मी म्हणालो, "मामा, देवाला काय थंड आणि काय गरम?" पाहुणे हसले. रसात पाणी गेलं तर काय होतं, यावर मी स्वतः दरवर्षी व्याख्यान द्यायचो. ते मला त्या क्षणी आठवलं नाही, कारण तो मला सांगत होता ते एका कामगाराच्या तोंडून आणि एका नारळाबद्दल होतं. हेच त्याने वहीत लिहून, खाली इंजिनिअरची सही घेऊन सांगितलं असतं, तर मी चार पावलं मागे गेलो असतो.

माझ्या डोळ्यांवर गॉगल नव्हता. कपाट आज उघडलंच नव्हतं, कारण आज तपासणी नव्हती, आज सण होता. मामाने स्वतःचा गॉगल काढला, माझ्या डोक्यावरून घातला, पट्टा मागून घट्ट केला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "डोळं सांभाळा," म्हणाला.

ओट्याच्या काठावर, भट्टीच्या तोंडाजवळ दगड ठेवला होता. पहिल्या घावात नारळ फुटला. एक भकल माझ्या हातात राहिलं, दुसरं निसटलं आणि पाण्यासकट आत गेलं. मामाने मला खांद्याने ढकललं. त्याच वेळी फाडकन आवाज झाला आणि रस उसळला. मी ओट्यावर पडलो. माझ्या शर्टाला दोन भोकं पडली, बाकी काही नाही. मामा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. डावा डोळा गेला.

अपघाताची चौकशी माझ्याकडेच आली, कारण तो भाग माझा होता. मी वरिष्ठांना सांगायला हवं होतं, की मी तिथे होतो, नारळ माझ्या हातातला होता, चौकशी दुसऱ्याला द्या. मी ते सांगितलं नाही. अपघातानंतर पोचलो असं मी लिहिलं. मालकांनी त्याला दुजोरा दिला, पाहुण्यांनी माना डोलावल्या. आता प्रश्न फक्त मामाच्या जबाबाचा होता.

दवाखान्यात त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. मी विचारलं, "मामा, काय लिहू?"

"खरं त्ये लिवा. गॉगल घातला न्हवता."

"का नव्हता ते?"

"त्ये कशाला? तुमची नोकरी जाईल, मालकाच्या नावाला बट्टा. माजा डोळा काय परत येतोय व्हय?"

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याच्या डोळ्याचं दुःख कमी आणि सुटल्याचा आनंद जास्त झाला. कागद मी मांडीवरच घेतला आणि लिहिलं: कामगाराने संरक्षक चष्मा वापरला नव्हता. सही करताना त्याला ओळ दिसेना, म्हणून मी त्याचं बोट धरून जागा दाखवली.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मला बघून उठली. "साहेब, कारखान्यात समदी म्हंत्यात, मामा गाफील ऱ्हायला. तीस वर्सं ह्यो माणूस गॉगल घातल्याबिगर भट्टीम्होरं ग्येला न्हाय. सणाला घरात चूल पेटवायची तर मला म्हणायचा, लांब सरक. आन् आता म्हंत्यात गाफील. तुमी तितं हुता न्हवं? तुमी सांगा की त्यास्नी."

मी म्हणालो, "गडबडीत राहून जातं, मावशी."

ती पदर सावरून आत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. आता तिचा उपयोग करून मी अहवाल लिहिला.

मामाला भट्टीवरून काढून स्टोअरला बसवलं. एका डोळ्याच्या माणसाला भट्टीवर ठेवायचं नाही, अशी शिफारस माझ्याच अहवालात होती. पुढे मी त्या फौंड्रीत गेलो की स्टोअरसमोरून जाणं टाळायचो. माझ्या बदल्या झाल्या, बढती झाली. पण तो अहवाल ऑफिसात नमुना म्हणून वापरला जाऊ लागला. मी स्वतः व्याख्यानांत ते उदाहरण द्यायचो. 'एका अनुभवी कामगाराचा क्षणभराचा निष्काळजीपणा,' असं माझं वाक्य होतं. ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की मला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

दोन हजार सालानंतर पुन्हा कोल्हापूरला आलो, आता वरच्या खुर्चीवर. त्या फौंड्रीने सुरक्षा सप्ताहाला बोलावलं. मी नको म्हणायचं ठरवून हो म्हणालो. शेडमध्ये सतरंज्या, कामगार खाली बसलेले. मालक थकले होते, पण आवाज तोच. ते माइकवर म्हणाले, "लांब कशाला जाताय, आपला मामाच बघा. मामा, उठा जरा, नव्या लोकास्नी दिसू द्या."

मागच्या रांगेतून मामा उठला. टोपी काढून हातात धरली. डोळ्याच्या जागी खळगा होता. या महिन्यात त्याची नोकरी संपणार होती, हे मला तिथेच कळलं. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं.

साचे करणाऱ्या बायकांतली एक नवी बाई चटकन म्हणाली, "मामा, इतकी वर्सं भट्टीवर हुता, मग गॉगल का घातला न्हवता वो?"

मामाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काही बोलतोय का, एवढंच बघितलं असावं, कारण तो जरा थांबला. मला बोलता आलं असतं. तीन शब्द पुरले असते: त्यांनी मला दिला. मी हातातल्या भाषणाच्या कागदाकडे बघितलं.

"इसरलो," मामा म्हणाला, आणि खाली बसला.

मालकांनी माइक माझ्यापुढे सरकवला. मी उठलो, आणि गॉगल का वापरावा यावर वीस मिनिटं बोललो.