मामाची अरुंधती
आमचा मामा न दिसलेली गोष्ट कधी दिसली म्हणत नसे. आता तुम्ही म्हणाल यात काय विशेष; पण एवढ्यावरनं तो आमच्या कडा गावात विक्षिप्त ठरला होता.

मेंढरं राखणारा माणूस. रानात पाठ टेकली की वर आभाळच. सप्तर्षींना तो बाज म्हणायचा. चार ताऱ्यांची बाज अन् ती पळवायला निघालेले तीन चोर. "मधल्या चोराला खेटून बारीक चांदणी हाय. ती अरुंधती. दिसली का?" मी घाईनं हो म्हटलं की लगेच विचारी, "कोन्या बाजूला?" झालं, माझं पितळ उघडं.

माझे वडील लवकर गेले, मामानंच मला वाढवलं. माझं लग्न तेलगावच्या घरात ठरलं. सगळे म्हणाले, मुलगा चांगला आहे. मामाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "चांगला तर सगळेच सांगतेत. खरं बोलतो का, ते कोन सांगल?"

वैशाखातलं भरदुपारचं लग्न. भटजींनी उन्हातच वर बोट केलं, "अरुंधती दिसली म्हणा." मामा आडवा आला. "उन्हात कुठली चांदणी? दिवस बुडू द्या, मग पाठवणी."

व्याही वैतागले. "आवो मामा, टेम्पोवाला कवाचा ओरडायलाय."

"ओरडू द्या. पोरगी माझी हाय."

दिवेलागणीनंतर नवरदेवाला, म्हणजे यांना, मांडवाबाहेर उभं केलं. वऱ्हाडी मागनं कुजबुजत होते, "दिसली म्हन अन् चल." हे बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "मामा, मोठी दिसती. बारकी न्हाई दिसत."

"बायको तरी दिसती का बे?" कुणीतरी टोमणा मारला. सगळे हसले. मामानं मात्र डोळे पुसले अन् यांच्या पाठीवर हात ठेवला. "न्या आता. माझी काळजी मिटली." दिवाळसणाला त्यानंच यांना बीडला नेऊन चष्मा करून दिला.

पुढं मला पुस्तकांचा नाद लागला. मी मामाला सांगितलं, जुन्या काळी म्हणे शिपायांची नजर याच चांदणीवर तपासत. आणि दुर्बिणीतून पाहिलं तर मधला चोरही एकटा नाही, जोडी आहे. मामा म्हणाला, "म्हंजे जल्मभर मी बी अर्धंच बघितलं की."

काचबिंदूनं त्याची नजर गेली. शेवटच्या भेटीत, तिन्हीसांजेला, त्यानं मला हाताला धरून अंगणात नेलं. "बघ बरं, अरुंधती हाय का?"

आभाळ भरून आलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून हो ओठावर आलं होतं. पण मी म्हणाले, "न्हाई मामा. ढग हायत."

तो हसला. "वारं गार लागतंय, तवाच कळलं मला. हो म्हनली असतीस, तर इचारनार होतो, कोन्या बाजूला."