दहा बोटं

तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. पंच्याऐंशीच्या आसपास आमचं नाहूरचं मंडळ दर हिवाळ्यात एक शर्यत ठेवायचं: आधी तलावात पोहायचं, मग सायकल, शेवटी धावायचं. पाण्यातून बाहेर आलो की आम्ही ओल्या पायांत बूट कोंबून सुटायचो. तो मात्र पायरीवर बसून पंच्यानं पायाची बोटं एकेक करून पुसायचा, जणू लग्नाला निघालाय. 'लेथवरचा मागचा जॉब उतरवल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही, यार,' म्हणायचा.

एका रविवारी तो पाण्यातून पहिला बाहेर आला. काठावरचे लोक ओरडत होते, 'पळ रे, पळ.' हा बसला, पंचा झटकला आणि दहाही बोटं पुसली. तेवढ्यात चौघे पुढे गेले, त्यात मीही होतो.

मी तिसरा आलो, तो पाचवा.

'नंबर घालवलास ना,' मी चिडून म्हणालो.

'गेला,' तो म्हणाला. 'पण उद्या आठ तास लेथसमोर उभं राहायचंय मला. तुझं काय?'

मी बूट हातात धरून उभा होतो. पायाच्या बोटांना फोड आले होते.

सोमवारी मी कामावर खाडा केला. सकाळी तो नेहमीसारखा सायकलची घंटी वाजवत माझ्या खिडकीखालून गेला.