माझ्या वाटचा उपास

शालनकाकू माणसाला आधी हुंगायच्या, मग बोलायच्या. आमचं काम गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. दुकानातून घरी आलो की काकू दारातच शर्टाला नाक लावायच्या. "ॲसिडचा वास मारतोय. आंघूळ कर, मग ताटावर बस." मालक अण्णा त्यांचे यजमान, पण त्यांनाही सूट नव्हती.

काकू कडेगावच्या, मी शिराळ्याकडचा. नववीतून शाळा सोडून तमिळनाडूत त्यांच्याकडे आलो, तो मधुमेह घेऊनच. माझी इन्सुलिनची बाटली काकूंनी फ्रीजमध्ये देवाच्या लोण्याशेजारी ठेवली.

घर सोडल्यापासून माझा जीव धास्तावलेला. देवी तरी सांभाळेल म्हणून नवरात्रात काकूंबरोबर मीही उपास धरला, दिवसभर काही नाही, रात्री फळ आणि दूध. इन्सुलिनच्या सुईचं काय, म्हणून काकूंना विचारलं.

"पोटात अन्न न्हाई, तर साखर कुठनं वाढंल? ऱ्हाऊ दे की सुई."

मलाही पटलं.

तिसऱ्या माळेला उलट्या सुरू झाल्या, श्वास भात्यासारखा चालू लागला. काकूंनी माझ्या तोंडाशी नाक आणलं. "चोरून केळं खाल्लंस व्हय रं?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मग ह्यो पिकल्या फळाचा वास कशाचा? आवं, रिक्षा आणा! पोराचं लक्षण ठीक न्हाई."

रक्तात ॲसिड वाढलंय, असं डॉक्टर तुटक्या हिंदीत म्हणाले. काकू अण्णांवरच उखडल्या, "पोराला ॲसिडच्या भट्टीपाशी बसवू नगा म्हणून किती सांगितलं!"

डॉक्टरांनी समजावलं. अन्न नसलं की लिव्हर चरबीतून किटोन बनवतं, मेंदू आणि हृदय त्यावर चालतात. काकूंच्या अंगातही आत्ता तेच चाललंय. पण त्यांच्यात इन्सुलिन आहे, ते लगाम धरतं. माझ्यात ते नाही. म्हणून साखर रक्तात नुसतीच पडून राहिली आणि किटोन बेसुमार वाढून रक्त आंबट झालं. उपाशी असलं तरी ह्याला सुई हवीच.

काकूंनी डॉक्टरांनाच विचारलं, "म्हंजी ज्याच्यावर मी उभी हाय, त्यानंच ह्यो आडवा झाला?"

ते कोडं मला अजूनही नीट उमगलेलं नाही.

सलाईन आणि इन्सुलिननं जरा तरतरी आली तेव्हा काकू उशाशी होत्या. "संद्या, सुई मीच सोडाय लावली रं." मरणाच्या दारातून ओढून आणलं तेही त्यांनीच. मग म्हणाल्या, "तू जेवत जा. तुझ्या वाटचा उपास आता मी धरते."

अण्णांनी चिडवलं, "एका पोटात दोन उपास मावत्यात व्हय गं?"

"मावत्यात. माझ्यापायी दिसाचं अन्न सोडलंय, ह्याच्यापायी रातचं फळ सोडीन."

पुढं दरवर्षी त्यांनी तसंच केलं.

आता काकू थकल्या, कडेगावला परतल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना उपास बंद करायला सांगितलाय. यंदा घटस्थापनेला फोन केला, तर म्हणाल्या, "व्हय, दुपारी भाकरी खाल्ली. लय गोड लागली."

"आणि रात्री फळ?"

"ते न्हाई खाणार."

"का हो काकू?"

"माझा उपास मी सोडला रं. तुझा मी कशी सोडू?"