असं काही नसेलच म्हणा

सर्वेक्षणाच्या ऑफिसात तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून थोरलेसुद्धा. ज्या दारावरून बाकीचे हात हलवत परत येत, तिथे ही पंख्याखाली बसून घरच्या बाईशी गप्पा मारत असे. माणसं जोडावीत तर मावशीनं!

आईबाप मुलांना मारतात का, याचं सर्वेक्षण निघालं, तेव्हाही अवघड घरं तिच्याच वाट्याला आली. पण मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी तिला बोलावलं. "मावशी, तुमच्या एकाही घरात मूल मार खात नाही. सगळी देवमाणसंच भेटली की काय?"

मावशीचं डोकंच फिरलं. "म्हणजे मी खोटं लिहिते?"

"तसं नाही हो. समोरची जरा अडखळली की तुम्ही पटकन म्हणता, असं काही नसेलच म्हणा. मग ती बिचारी काय बोलणार? परत जा. प्रश्न नवे आहेत. विचारायचं आणि गप्प बसायचं." उत्तरं बदलली, तर तिचं आधीचं सगळं काम रद्द होणार होतं.

गप्प बसायचं! मावशीला आयुष्यात कधी जमलं होतं ते?

ती तणतणतच पहिल्या घरी गेली. कपडे शिवणारी बाई घरात एकटीच होती, मुलगी शाळेत. मशीनवर अर्धवट फ्रॉक, शेजारी स्टीलची पट्टी. मावशीनं नवा प्रश्न वाचला, "मूल हट्टाला पेटलं की भल्याभल्यांचा तोल जातो. गेल्या महिन्यात तुम्ही ओरडलात? धपाटा घातलात? कशानं मारलंत?"

शिवणारीचा पाय मशीनवर थांबला. 'नसेलच म्हणा' मावशीच्या अगदी जिभेवर आलं. तेवढं म्हटलं की बाईही सुटली असती आणि इतक्या महिन्यांची मेहनतही वाचली असती. मावशीनं दात घट्ट आवळले. बाई गं, काय जड जातं गप्प बसणं!

"पट्टीनं," शिवणारी म्हणाली. "मीच मारते. राग आला की भानच राहत नाही. मग ती झोपली की तिच्या पायाला तेल लावत रडत बसते. हे थांबवायला कुणी मदत करतं का हो?"

मावशीनं पिशवीतून समुपदेशन केंद्राचा पत्ता काढून दिला. तो मागच्या वेळीही तिच्या पिशवीत होता. कामाची काळजी कुठल्या कुठे गेली.

"मागच्या खेपेलाच का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते. पण तुम्ही म्हणालात, असं काही नसेलच. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाही." शिवणारीनं पट्टी उचलून बाजूला ठेवली. "तेव्हा लाकडाची होती. ती मोडली, म्हणून ही आणली."