भावोजी आणि वाक्यांची सुटका

कुठल्याही गोष्टीत शिरण्याआधी तिच्यातून बाहेर कसं पडायचं हे विचारून घेणारा माणूस साऱ्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. माझ्या लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची मंडळी जमली होती, पेढे फिरत होते, आणि भावोजी अतिशय गंभीरपणे म्हणाले, "मोडलं तर कुणी कुणाला काय परत करायचं, तेही याच कागदावर लिहून घेऊ. आत्ता सगळ्यांची मनं चांगली आहेत, तोवर नीट लिहिलं जाईल." माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा पेढा तोंडाशीच थांबला. ताईने पाण्याचं निमित्त करून नवऱ्याला आत बोलावलं आणि मंडळी निघेपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. लग्न झालं, टिकलंही. पण सासरे त्यांना अखेरपर्यंत "ते करारवाले" म्हणत.

ताईच्या वारज्याच्या घरातल्या झाडून सगळ्या बरण्या एकाच मापाच्या तोंडाच्या आहेत. तिखटाची छोटी असो की पोह्यांची मोठी, कुठलंही झाकण कुठेही बसलं पाहिजे, हा भावोजींचा दंडक. त्यासाठी ते मंडईजवळची भांड्यांची दुकानं पालथी घालत. एकदा मी बरोबर होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "याचं झाकण सुटं मिळतं का?" दुकानदार मान वर न करता म्हणाला, "हरवायचं ठरवूनच आलाय का?" भावोजी म्हणाले, "हो. उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर मी झाकण कुठून आणू?" दुकानदाराने बरणी परत फळीवर ठेवली आणि सांगितलं, "आजच बंद केलं समजा."

हा सगळा विक्षिप्तपणा त्यांच्या कामातून आला होता, की त्यामुळेच ते अशा कामात पडले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी भाषांतरकार आहे. औषधांची, यंत्रांची, दवाखान्यांची माहितीपत्रकं मराठीत आणते. भावोजी ज्या कंपनीत होते तिथे आमच्यासारख्यांसाठी सॉफ्टवेअर बनत असे. आपण एकदा केलेलं वाक्य ते जपून ठेवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर आणून देतं. भाषांतरकाराच्या कित्येक वर्षांचा असा साठा तयार होतो. त्यालाच आम्ही मेमरी म्हणतो. ही मेमरी कशी लिहून ठेवायची याची एक खुली पद्धत जगभरच्या काही लोकांनी मिळून ठरवलेली आहे. त्या पद्धतीने लिहिलेली फाइल कुणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पद्धत ठरवणाऱ्या मंडळींत भावोजी हौसेने सामील झाले होते आणि रविवारी सकाळी परदेशातल्या माणसांशी फोनवर हुज्जत घालत. "डॉ." या एका शब्दापायी त्यांनी दोन महिने काढले. त्यातलं टिंब पाहून काही सॉफ्टवेअर वाक्य संपलं असं समजत आणि डॉक्टर एका वाक्यात, त्यांचं आडनाव दुसऱ्यात जाई. वाक्य कुठे तोडायचं याचे नियमही सगळ्यांचे एक असले पाहिजेत, नाहीतर एकीकडचं वाक्य दुसरीकडे ओळखूच येणार नाही, असं ते पोळीचा घास हातात धरून बोलत राहत. ताई म्हणायची, "अहो, इथेही एक पूर्णविराम द्या आणि जेवा."

मग एक दिवस त्यांच्या मॅनेजरने फर्मान काढलं, की सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून खुल्या फाइलचं बटण काढून टाकायचं. मेमरी बाहेर नेता येते म्हणूनच गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, असा त्याचा हिशेब होता. भावोजी म्हणाले, "मेमरी आपली नाही. ज्यांनी भाषांतरं केली त्यांची आहे." मॅनेजर हसला आणि म्हणाला, "तुम्ही मीटिंगमध्ये छान बोलता." त्या शुक्रवारी त्यांनी राजीनामा दिला. मुलगी बारावीला होती आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला या धंद्यात कोण विचारतं? ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बंद झालेली शिकवणी पुन्हा सुरू केली आणि मला फोनवर एवढंच म्हणाली, "ते चुकले असते तर मी भांडले असते गं."

पुढे भावोजींना मनासारखी नोकरी मिळाली नाही. किरकोळ कामं ते घरूनच करत. मी मात्र तेच सॉफ्टवेअर वापरत राहिले, कारण ज्या संस्थेची कामं मी करत होते तिचा तसा आग्रह होता. बटण गेलं होतं, तरी एक लांबलचक आडवाट शिल्लक होती. भावोजींनी ती मला वहीत लिहून दिली होती. हडपसरला आमच्याकडे आले की चपला काढता काढता विचारत, "या महिन्याचं बाहेर काढून ठेवलंस ना?" मी "हो" म्हणे. खरं म्हणजे एकदाही काढलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती कंपनी विकली गेली. पुढच्या महिन्यापासून सॉफ्टवेअर बंद, अशी दोन ओळींची सूचना पडद्यावर आली. आडवाटही तोवर बुजवलेली होती. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, डोन्ट वरी, तुमची पूर्ण फाइल डाउनलोड होईल," पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला. "फक्त ती आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये ओपन होते."

"आणि सॉफ्टवेअर?"

"ते बंद होतंय ना, मॅडम."

माझ्या हातात तेव्हा एका रुग्णालयाचं काम होतं. पोटात नळी बसवून घरीच डायलिसिस करणाऱ्या पेशंटांसाठी नवी पत्रकं हवी होती. जुनीही मीच केली होती. नळीच्या तोंडाला बसतं ते टोपण, यंत्राला असतं ते झाकण, अशी नावं तिथल्या सिस्टरांबरोबर बसून एकेक करून ठरवली होती आणि पेशंटांनी ती पाठ केली होती. नव्या पत्रकात एकाच्या जागी दुसरं पडलं तर कुणीतरी घरी नको ते उघडणार, आणि जंतू आत जायला तेवढं पुरतं. जुनी छापील पत्रकं थोडीफार सापडली. बाकी सगळं त्या न उघडणाऱ्या फाइलमध्ये होतं.

मी वारज्याला गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. रडूच आलं. भावोजी म्हणाले, "खोटं बोलत होतीस ते माहीत होतं. 'हो' फार पटकन म्हणायचीस." मग फाइल मागून घेतली.

तीन आठवडे ते त्या फाइलसमोर बसून होते. आतली सगळी मांडणी वेड्यावाकड्या खुणांनी झाकून टाकली होती. ताई ताट टेबलावर आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. मी रोज फोन करायचे आणि विचारायचं धाडस न होऊन हवापाण्याचं बोलायचे. एकविसाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "वरून रंग बदललाय गं, आतल्या भिंती मीच बांधलेल्या आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी मला माझंच एक वाक्य वाचून दाखवलं : टोपण आधी पुसून घ्या, मगच उघडा.

त्यासाठी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम त्यांनी कुणालाही फुकट घेता येईल असा ठेवून दिला. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या भाषांतरकारांचे फोन येऊ लागले. एक फोन त्या जुन्या मॅनेजरचा होता. तो आता दुसऱ्या कंपनीत होता आणि तिचा सगळा साठा त्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकला होता. भावोजींनी त्याला तासभर नीट समजावून सांगितलं, मध्ये दोनदा पाणीसुद्धा प्यायले. फोन ठेवल्यावर ताई उसळली, "त्या माणसाला? त्याने तुमचं काय केलं ते विसरलात?"

"विसरलो नाही. पण आत अडकलेली वाक्यं त्याची नाहीत ना."

ताई स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज येत होते. भावोजी चष्मा काढून नुसतेच पुसत बसले. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

पत्रकं छापून झाली तेव्हा मी त्यांना आग्रहाने रुग्णालयात नेलं. पेशंटांच्या खोलीत सासवडकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. नव्या पत्रकावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचत होती. "टोपन म्हंजी ह्येच न्हवं का, नळीचं? आपल्या जुन्या कागदात बी हाय की." सून म्हणाली, "व्हय, त्येच." म्हातारीने मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. भावोजी दाराशी उभे होते. सिस्टर बाहेर येताना थांबली. "आपण कोण? पेशंटबरोबर आहात का?"

ते गडबडले. "नाही, नाही. मी हिच्या बहिणीचा नवरा."

सिस्टरने त्यांना खुर्ची दिली. म्हातारीने शेवटचं पान संपवेपर्यंत ते हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. मला वाटत होतं, कुणाला तरी सांगावं. सिस्टरला, निदान त्या सुनेला. पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना आणि तेवढ्यात त्या दोघी उठून गेल्यासुद्धा.

बसस्टॉपवर आम्ही बराच वेळ उभे होतो. वारज्याची बस आली तेव्हा भावोजी पायरीवर एक पाय ठेवून वळून म्हणाले, "तिला वाचताना कागद डोळ्यांपासून लांब धरावा लागत होता. अक्षर जरा मोठं करायला सांग."

पुढच्या छपाईत मी ते मोठं करून घेतलं.